फॉइलचा पाउच की एकाच प्लास्टिकचा?

जुना पाउच म्हणजे १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) पीईटी हे प्लास्टिक, ७ ते ९ मायक्रॉन ॲल्युमिनियम फॉइल आणि आत पॉलिथिनचा थर. नवा पाउच जवळजवळ सगळा पॉलिथिनचा, मध्ये ईव्हीओएच या हवा रोखणाऱ्या प्लास्टिकचा पातळ पडदा.

ओल, हवा आणि उजेड अडवण्यात फॉइल सरस. मात्र घडीवर वारंवार मुडपलं की त्याला बारीक भोकं पडतात. पाउच उजेडासमोर धरलात तर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चमकताना दिसतात. ईव्हीओएच वाकवणं जास्त सोसतो, पण ओल शोषली की त्याची हवा रोखण्याची ताकद घटते.

खरी परीक्षा मशीनवर. पीईटी २५० अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे सीलिंगचा जबडा, म्हणजे पाउच दाबून चिकटवणारा मशीनचा गरम भाग, बिनधास्त तापवता येतो. पॉलिथिनचा बाहेरचा थर १३० अंशांच्या आसपासच मऊ होऊन जबड्याला चिकटतो, सील सुरकुततं. त्यासाठी आतला थर कमी तापमानाला चिकटणारा घ्या, जबड्यावर टेफ्लॉन लावा, वेग थोडा उतरवा.

फॉइलचे थर वेगळे करणं जिकिरीचं, म्हणून तो पाउच सहसा रिसायकल होत नाही.

वर्षभर टिकवायची कॉफी किंवा ओलीला नाजूक पावडर असेल तर फॉइलच घ्या. १२१ अंशांच्या रिटॉर्टलाही, म्हणजे सीलबंद पाउच दाबाखाली तापवून आतलं अन्न निर्जंतुक करायचं असेल तरी, फॉइलच, पण आत पॉलिप्रॉपिलीन हवं. काही महिन्यांत संपणारा कोरडा माल, डिटर्जंट, रिफिल यांना एकाच प्लास्टिकचा पाउच पुरतो.