टॉरिफाइड पेलेट्स: नऊ महिने आणि एक पावसाळा

इचलकरंजीतल्या आमच्या प्रोसेस हाऊसच्या बॉयलरवर दिवाळीनंतर ब्रिकेट (काडीकचरा दाबून केलेले जळणाचे ठोकळे) सोडून टॉरिफाइड पेलेट्स, म्हणजे भाजलेल्या मालाच्या दाबून केलेल्या छोट्या कांड्या, सुरू केल्या. माल तोच, तुरीच्या काड्या आणि सोयाबीनचं भुसकट. फक्त हवा बंद ठेवून 200 ते 300 अंशांवर भाजलेला. टनाला महाग पडतो, पण त्याच वाफेला कमी माल लागतो.

विकणारा म्हणाला होता, ‘पाण्याचं टेन्शनच नाही.’ जुलैत पत्रा गळला आणि दोन दिवस एका कोपऱ्यात धार लागली. तिथली उरलेली ब्रिकेटची थप्पी फुगून भुसा झाली, फावड्यानं ओढून काढली. पेलेट्स शाबूत राहिल्या, बोटांत दाबल्या तरी कडक. पण ओलावा धरलाच होता. त्या दिवशी प्रेशर यायला नेहमीपेक्षा बराच वेळ गेला. तेव्हा ताडपत्री आणि खाली फळ्या हव्यातच.

खरा त्रास भुकटीचा. भाजलेला माल ठिसूळ, प्रत्येक चढ-उताराला तुटतो. सुरुवातीला लातूरकडचा ट्रक टिपरनं उंचावरून ओतायचा, अख्खी शेड काळी. आता जंबो बॅग मागवतो आणि बॅग जमिनीला टेकवूनच खालचं तोंड सोडतो. ही भुकटी हवेत असताना ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून शेडमध्ये वेल्डिंग नाही, विडी नाही, आणि कॉम्प्रेसरची हवा मारून सफाई तर अजिबात नाही. हलका शिडकावा करून झाडतो.

फेब्रुवारीत एक लॉट भट्टीतून नीट न निवताच भरून आला. तिसऱ्या रात्री ढिगात खुपसलेली सळई उपसली, तर तिला हात लावून ठेवता येईना. दीड वाजता पोरांना उठवून ढीग पसरला. पाणी वरून मारलं तर आत पोचतच नाही. तेव्हापासून दीड मीटरच्या वर थप्पी नाही, रोज सकाळी सळई, आणि जुना माल आधी.

बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइडही साठतो, त्याला वास नाही. 2006 साली स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात साध्या लाकडी पेलेट्स उतरवताना एका खलाशाचा त्यानं जीव गेला. आमच्याकडे दोन्ही दारं पंधरा मिनिटं उघडी ठेवून, मीटर बघूनच माणूस आत जातो.

पुढच्या ऑर्डरला, माल निवायला किती तास दिले ते चलनावर लिहून मागितलं आहे. लिहिलेलं नसेल तर ट्रक गेटवरूनच परत.