पवनचक्क्या जमिनीवर की समुद्रात?

पवनचक्क्यांच्या सुनावणीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमचा पवनऊर्जेला विरोध नाही, पण त्या समुद्रात उभारा ना!" ऐकायला बिनतोड वाटतं. मात्र हरकत नोंदवण्याआधी दोन्ही जागांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावा.

हवामानाच्या दृष्टीने डावंउजवं करण्यासारखं काही नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०१४ च्या अहवालात बांधणीपासून मोडणीपर्यंतचं सगळं धरून एका युनिटमागे कार्बन उत्सर्जन जमिनीवर ११ ग्रॅम, समुद्रात १२ ग्रॅम, कोळशाचं ८२०.

विजेत समुद्र सरस. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट. पाण्यावर डोंगर, झाडं, घरं आड येत नाहीत, त्यामुळे चांगले प्रकल्प वर्षभरात क्षमतेच्या ४० ते ५० टक्के वीज देतात. जमिनीवर हा आकडा बहुतेक ठिकाणी २५ ते ४० असतो. पण पैशांत पारडं फिरतं. आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार २०२३ मध्ये जगभरातला सरासरी खर्च युनिटमागे जमिनीवर सुमारे ३.३ अमेरिकी सेंट होता, समुद्रात ७.५. खोल पाया, समुद्राखालची केबल, खास जहाजं आणि साध्या दुरुस्तीलाही लाटा निवण्याची वाट. "समुद्रात उभारा" म्हणणाऱ्याने हा फरक बिलात सोसायची तयारी ठेवावी.

आवाज हा जमिनीवरचा खरा कळीचा मुद्दा. कॅनडाच्या आरोग्य खात्याच्या २०१४ च्या पाहणीत आवाज वाढेल तशी लोकांची चीड वाढलेली दिसली, पण आजारांशी किंवा झोप बिघडण्याशी संबंध आढळला नाही. मला ती चीडही खरी वाटते. आजार नाही म्हणजे त्रास नाही, असं म्हणणारा सहसा पवनचक्कीखाली राहत नसतो! फिरत्या पात्यांच्या सावलीची उघडझाप हाही तसाच त्रास. जर्मनीत त्याला वर्षाला ३० तासांची मर्यादा पाळतात. दोन्हींवर उपाय एकच, अंतर. पण तेही ताणता येतं. जर्मनीतल्याच बव्हेरिया राज्याने २०१४ मध्ये घरांपासून पवनचक्कीच्या उंचीच्या दहापट अंतराची अट घातली आणि तिथे नव्या पवनचक्क्यांसाठी जागाच उरली नाही, असं म्हणायची पाळी आली.

पक्ष्यांचं गणित उलटसुलट आहे. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर चार पवनचक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटले. प्रयोग लहान होता, पण मेलेले पक्षी जमिनीवर सापडत होते म्हणूनच तो करता आला. समुद्रात पक्षी पाण्यात पडतो, मोजणार कसा? शिवाय पाया ठोकताना होणाऱ्या आवाजाने पॉरपॉइज हे डॉल्फिनसारखे सागरी सस्तन प्राणी दूर पळतात. तो आवाज अडवायला पाण्यात बुडबुड्यांचा पडदा सोडावा लागतो.

आणि समुद्रात नेलं म्हणजे विरोध मावळतो, हा तर भ्रमच. अमेरिकेतल्या नॅन्टकेट साउंडमधला 'केप विंड' प्रकल्प २००१ मध्ये मांडला गेला. खटले आणि दृश्य बिघडण्यासारख्या हरकतींत अडकून २०१७ मध्ये गुंडाळला गेला. याउलट कोपनहेगनच्या किनाऱ्यावरून सरळ दिसणाऱ्या मिडेलग्रुंडेनच्या २० पवनचक्क्या २००० पासून फिरताहेत. त्यातली निम्मी मालकी हजारो सभासदांच्या सहकारी संस्थेची. दृश्य बिघडलं की नाही, हे बऱ्याचदा पैसा कोणाच्या घरात जातो यावर ठरतं, असं माझं मत.

म्हणून वस्ती विरळ, वारा चांगला आणि पक्ष्यांचा मार्ग लांब असेल, तर जमीनच निवडावी. वस्ती दाट आणि किनाऱ्यालगत पाणी उथळ असेल, तर समुद्र. जागा कुठलीही ठरो, सुनावणीत दोन गोष्टी लेखी मागाव्यात: स्थानिकांचा हिस्सा, आणि वीस-पंचवीस वर्षांनी मोडणीसाठी आधीच बाजूला ठेवलेली रक्कम. मनोऱ्याचं पोलाद भंगारात विकलं जातं. फायबरच्या पात्यांना मात्र गिऱ्हाईक सहजी मिळत नाही.