इंदूरच्या रस्त्यांवर स्प्लेंडर प्लस : चार वर्षांच्या वापरानंतरचे मत

विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन गणित शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे सकाळी सुदामानगरातून निघून आधी लोकमान्यनगर, दुपारी पलासिया आणि संध्याकाळी विजयनगर अशी माझी रोजची फेरी असते, आणि ही फेरी गेली चार वर्षे मी २०२१ मध्ये घेतलेल्या स्प्लेंडर प्लसवर करीत आलो आहे. त्यापूर्वी वडिलांची कार्ब्युरेटरची जुनी स्प्लेंडर मी बरीच वर्षे चालवली होती. तेव्हा हे मत नव्या खरेदीच्या कौतुकातून आलेले नाही, आणि केवळ सवयीतूनही आलेले नाही, असे मला म्हणता येईल.

या गाडीची वंशावळ थोडक्यात सांगायची तर हीरो होंडाने १९८५ मध्ये सीडी १०० बाजारात आणली, तिच्याच धर्तीवर १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि हीरो व होंडा या दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्यावर २०११ पासून ती हीरो मोटोकॉर्पच्या नावाने विकली जाते. इंजिन ९७.२ सीसीचे, हवेने थंड होणारे, सुमारे आठ अश्वशक्तीचे. २०२० मध्ये बीएस ६ या धुराच्या प्रदूषणाविषयीच्या नियमांसाठी कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन, म्हणजे विजेच्या पंपाने इंजिनात पेट्रोल सोडणारी व्यवस्था आली, तेवढा मोठा बदल सोडला तर वडिलांच्या गाडीवर शिकलेल्या माणसाला नवी गाडी चालवताना फारसे काही नव्याने शिकावे लागत नाही. चारही गिअर पंजाने पुढे दाबूनच पडतात.

लोक पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा विचारतात. टाकी काठोकाठ भरायची, दोनशे किलोमीटर चालवायचे आणि त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरून हिशेब करायचा, या पद्धतीने मला शहरात लिटरला साठच्या आसपास आणि उज्जैनच्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगाने सत्तरच्या जवळ अ‍ॅव्हरेज मिळते. मित्रांच्या तोंडच्या आकड्यांवर मी विसंबत नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्यामुळे अ‍ॅव्हरेजमध्ये थोडी घट दिसणे स्वाभाविक आहे. त्यासाठी मिस्त्रीला दोष देऊन इंजिन उघडायला लावू नये. सिग्नलवर न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभे राहिल्यास इंजिन आपोआप बंद होते आणि क्लच दाबताच पुन्हा सुरू होते. ए.बी. (आग्रा-मुंबई) रोडवरच्या लांबलचक सिग्नलांना ही सोय उपयोगी पडते, पण रांग इंच इंच सरकत असेल तेव्हा मी ती बटण दाबून बंद ठेवतो.

तरीही माझ्या मते या गाडीची खरी काटकसर पेट्रोलमध्ये नसून देखभालीत आहे. इंजिनला एक लिटरच्या आसपासच तेल लागते, आणि मी ते वेळापत्रकापेक्षा थोडे आधीच बदलतो, कारण थोडे तेल लवकर मळते. साखळी पूर्ण झाकलेली असल्यामुळे माळव्यातली काळी माती पावसात चाकांना चिकटली तरी साखळीपर्यंत फारशी पोहोचत नाही. मात्र झाकलेली साखळी दिसत नाही आणि म्हणून विसरली जाते, हा त्या सोयीचा उलटा परिणाम. दुसऱ्या वर्षी घराजवळच्या एका गॅरेजात मी साखळी ताणून घेतली. तिथल्या मुलाने ती वीणेच्या तारेसारखी ताठ केली, आणि मीही खुळखुळ थांबली म्हणून समाधानाने निघालो. आठवडाभरात मागून खरखर येऊ लागली, खड्ड्यातून जाताना गाडी आखडल्यासारखी वाटू लागली, आणि अखेर चाकाचे बेअरिंग बदलावे लागले. माणूस बसून शॉकअप दबले की मागच्या चाकाचा आस पुढच्या स्प्रॉकेटपासून, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकापासून, किंचित दूर जातो. त्यासाठी साखळीला दोन ते तीन सेंटिमीटर ढील लागतेच, ही गोष्ट मी भूमितीचा शिक्षक असूनही बेअरिंगचे पैसे दिल्यावरच नीट समजून घेतली. आता साखळी स्वतः तपासतो, तीही कुणाला तरी गाडीवर बसवून.

सराफा आणि बर्तन बाजाराच्या गल्ल्यांत ११२ किलोचे वजन व ७८५ मिलिमीटर उंचीचे आसन यांची किंमत कळते. दोन्ही पाय जमिनीला टेकतात आणि दोन गाड्यांच्या फटीत ही गाडी एका हाताने ओढून उभी करता येते. मोकळ्या महामार्गावर चित्र बदलते. ताशी साठच्या पुढे हँडलला आणि पायदानांना थरथर जाणवू लागते, ट्रकला ओलांडायला पुरेसा पिकअप उरत नाही, आणि पाचवा गिअर असता तर बरे झाले असते असे वाटत राहते. माझ्या गाडीला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. मागचा ब्रेक दाबल्यावर पुढचाही काही अंशी लागतो, ही सोय चांगली असली तरी डिस्क ब्रेकची पकड तिच्यात नाही.

याची परीक्षा जाम गेटच्या घाटात झाली. महूहून मंडलेश्वरकडे उतरताना मी सतत पाय ब्रेकवर ठेवण्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या ताकदीनेच वेग आवरला, म्हणजे ड्रम तापून ढिले पडू नयेत. परतीच्या चढावर, पत्नी मागे बसलेली असताना, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसच्या आसपास संथपणे चढत राहिली. मागून आलेल्या मोठ्या मोटारसायकली सहज पुढे गेल्या, पण इंजिन कुठेही अडखळले नाही.

फ्युएल इंजेक्शनविषयी एक सूचना मात्र करावीशी वाटते. जुन्या गाडीत बॅटरी नसल्यातच जमा असली तरी किक मारून निघता येत असे. इंजेक्शनच्या पंपाला मात्र वीज लागते, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तर किक असूनही गाडी सुरू होईलच याची खात्री नसते. महिनाभर गाडी उभी ठेवून गावी जाणाऱ्यांनी कुणाला तरी मधूनमधून ती फिरवायला सांगावे. शिवाय टाकीला रिझर्व्हची तोटी राहिलेली नाही, म्हणून पेट्रोलच्या काट्याकडे पाहण्याची सवय लावावी लागते. मला ती लागायला दोनदा गाडी ढकलावी लागली.

ज्यांना दर आठवड्याला भोपाळ किंवा महेश्वर गाठायचे आहे आणि मागे नेहमी माणूस असतो, त्यांनी सव्वाशे सीसीची, पाच गिअरची आणि पुढे डिस्क असलेली गाडी पाहावी. मी मात्र येत्या पावसाळ्यापूर्वी मागचा टायर बदलून हीच गाडी पुढे चालवणार आहे.