लायब्ररी स्वतःच्या नावावर की फाउंडेशनकडे? दापोलीहून एक तुलना

माझी लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार कोड, भरती-ओहोटीचं गणित करते. उधाण कधी, भांग कधी, हर्णैला पाणी किती चढणार, एवढंच. लिहिली तेव्हा डोळ्यांसमोर दोन चुलतभाऊ आणि त्यांची होडी होती. पुढे युरोपातल्या एका घड्याळ कंपनीने ती उचलली आणि सपोर्टचे पैसे देऊ केले. तिथून प्रश्न सुरू झाला: पैसे घेऊन स्वतःच्या नावाने चालवायची, की असे प्रकल्प सांभाळणाऱ्या एखाद्या ना-नफा फाउंडेशनच्या ओटीत घालायची? सॉफ्टवेअरच्या सुरक्षेसाठी केलेल्या युरोपच्या सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्टमुळे या दोन वाटांत बराच फरक पडतो. मी दोन्ही चालून पाहिल्या आहेत.

आधी एक. तुम्ही फक्त दुसऱ्यांच्या प्रकल्पात पॅच (कोडमधली छोटी दुरुस्ती) पाठवत असाल, किंवा नफ्याचा हेतू न ठेवता देणगी घेत असाल, तर हा कायदा तुमच्यासाठी नाही. ‘देणगी घेतलीस की अडकलास’ असं मलाही दोघांनी सांगितलं होतं. तसं नाही. एखाद्या कंपनीने सुरक्षेची चाळीस प्रश्नांची एक्सेल शीट पाठवली, तरी ती भरायचं बंधन तुमच्यावर नाही. वापरलेला घटक तपासून घेणं ही माल विकणाऱ्याची जबाबदारी. दोन ओळींचं नम्र उत्तर पुरतं.

सपोर्टचे पैसे खर्चापुरते न राहता कमाई झाले, की मात्र तुम्ही ‘उत्पादक’. मग जोखमीचं मूल्यमापन, तांत्रिक कागदपत्रं, घटकांची यादी, सीई खूण (माल युरोपच्या नियमांत बसतो असं सांगणारी) आणि साधारणपणे किमान ५ वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या. दंड दीड कोटी युरोपर्यंत किंवा उलाढालीच्या २.५ टक्के, यातलं जे जास्त ते. आकडा ऐकून बायको हसली. आमची बाग विकूनही तेवढे येणार नाहीत. कागदपत्रांचा कंटाळा आहे, पण माझ्यासारख्या लहान लायब्ररीला ते जमण्यासारखं वाटलं. माझं गाडं अडलं ते तासांच्या मुदतीपाशी.

कोडच्या सुरक्षेतलं, प्रत्यक्ष गैरवापर होत असलेलं छिद्र कळलं की २४ तासांत पहिली सूचना आणि ७२ तासांत सविस्तर माहिती द्यायची. कायद्यात हे ११ सप्टेंबर २०२६ पासून आहे, बाकीचं बहुतेक ११ डिसेंबर २०२७ पासून. पण घड्याळवाल्यांनी करारात २४ तासांचं कलम आधीच घातलं होतं, तेही कुठल्याही छिद्रासाठी. आषाढातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मेल आला: भरतीच्या केंद्राचं नाव ६४ अक्षरांपेक्षा लांब असलं की फाईल वाचणारं फंक्शन नेमून दिलेल्या मेमरीबाहेर लिहितं. मी फोनवर वाचला आणि ‘सकाळी बघतो’ म्हटलं. रात्री फणसाची फांदी तारेवर पडली. पहाटे इन्व्हर्टर संपला, दुपारपर्यंत टॉवरही गेला. वायरमन सोमवारी आला. दुरुस्ती बारा ओळींची होती, पण ती पाठवायला मी भिजत दापोलीला मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. कंपनीचा माणूस सभ्य होता. ‘तुमचा फोन का लागत नव्हता’ एवढंच त्याने तीनदा विचारलं.

छोट्या उद्योगाची २४ तासांची पहिली सूचना चुकली तर कायद्यात दंड नाही, हे खरं. ७२ तासांच्या माहितीला मात्र ती सूट नाही. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत महिनाभर लाईट नव्हती. इथे ७२ तास म्हणजे काहीच नाही.

फाउंडेशन असलं की कायदा त्याला ‘स्टुअर्ड’ म्हणतो. आपल्या भाषेत कारभारी. त्याला लेखी सुरक्षा धोरण ठेवावं लागतं, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणांना सहकार्य करावं लागतं आणि विकासात जेवढा सहभाग तेवढ्यापुरतं कळवावंही लागतं. पण सीई खूण नाही आणि आर्थिक दंडही नाही. एकटा माणूस कारभारी होऊ शकत नाही, संस्थाच लागते. तोटे आहेत. लायब्ररीचं नाव आता माझं राहिलं नाही. बैठका रात्री साडेअकराला असतात. घड्याळवाले वर्गणी फाउंडेशनला देतात, माझ्या खात्यात पूर्वीच्या निम्मेही येत नाहीत. शिवाय सगळ्या संस्था लहान प्रकल्प घेतातच असं नाही, मला दोन नकार आले. (‘मग कुणीतरी सह-मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळायला जोडीदार, घे ना’ म्हणणाऱ्यांनी फाईली आवळून लहान करणाऱ्या एक्सझेड या सॉफ्टवेअरचं मार्च २०२४ चं प्रकरण आठवावं. अनोळखी मदतनिसाच्या हाती किल्ल्या गेल्या आणि मागचं दार बसवलं गेलं.)

तुम्ही पुण्यात असाल, जोडीला दोन भागीदार आणि बऱ्यापैकी नियमित गिऱ्हाइकं असतील, तर स्वतःच्या नावाने चालवण्यात पैसा आहे. मी कदाचित तेच केलं असतं. प्रत्येकाचं गणित वेगळं. पण वाडीत एकटे असाल, तर मृगापासून हस्तापर्यंतचे दिवस मोजा आणि मग करारावर सही करा.

यंदा पावसात लाईट गेली तेव्हा पुन्हा एक मेल आला होता. फाउंडेशनमधल्या कुणीतरी, त्यांच्याकडे सकाळ असताना, पोच दिली आणि कंपनीला कळवलं. मला दुसऱ्या दिवशी दुपारी समजलं. पॅच मात्र मीच केला.