क्लॅरिटी : लहान व्यावसायिकाच्या हाती आलेले संशोधनाचे मोफत साधन

म्हापशातून काजूगर आणि आमसुले ऑनलाइन विकणाऱ्या माझ्यासारख्या लहान व्यावसायिकाला ग्राहक-संशोधनासाठी संस्था नेमणे परवडत नाही. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये सर्वांसाठी खुले केलेले ‘क्लॅरिटी’ हे मोफत साधन मला मोलाचे वाटते. संकेतस्थळावर ग्राहक कुठे थांबतो, कुठे अडतो, याचे चित्रण ते दाखवते आणि त्याने भरलेला खासगी मजकूर आपोआप झाकते. काजूगरांच्या छायाचित्रावर ग्राहक पुन्हा पुन्हा टिचकी मारत होते, पण ते मोठे होत नव्हते, ही गोष्ट विक्रीच्या आकड्यांतून कधीच कळली नसती.

मात्र ग्राहक का थांबला, हे चित्रण सांगत नाही. त्यासाठी शेजारी बसावेच लागते. शुक्रवारच्या बाजाराला आलेल्या एका काकींच्या हाती मी फोन दिला आणि ‘अर्धा किलो मागवून दाखवा’ एवढेच म्हटले. ‘पुण्याला लेकीकडे पाठवायचे किती घेणार, ते आधी कुठे लिहिलंय?’ असे त्यांनी लगेच विचारले. अशा पाच जणांच्या चाचणीतून सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात, असे संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० साली मांडले होते. क्लॅरिटीतील चित्रणे साधारणपणे ३० दिवसच राहतात, त्यामुळे ती दर आठवड्याला पाहावीत.