पाच आठवडे बर्फात उभी गाडी: मोठी बॅटरी ठणठणीत, छोटीने मान टाकली

इलेक्ट्रिक गाडी घेऊन दीड वर्ष होत आलं, ऑस्लोतले दोन हिवाळे तिने काढले. आमच्या इमारतीला गॅरेज नाही, त्यामुळे गाडी उघड्यावरच असते. या जानेवारीत बहिणीच्या लग्नासाठी पाच आठवडे साताऱ्याला जायचं होतं. उणे पंधरात एवढी महागाची बॅटरी उभ्या उभ्या खराब होईल, ही एकच धास्ती मनात होती.

ती धास्ती चुकीच्या बॅटरीबद्दल होती. ५८ टक्क्यांवर ठेवून गेलो, परत आलो तेव्हा ५४ होते. लिथियम बॅटरी नुसती थंडीत पडून राहिली तर तिचं फारसं बिघडत नाही. उलट पूर्ण भरून उन्हात ठेवणं तिला जास्त बाधतं. गोठलेली असताना जोरात चार्ज करणं मात्र वाईट, म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग उतरवते. निम्म्याच्या आसपास ठेवून निर्धास्त जा.

दगा दिला तो १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीने. दारं, स्क्रीन, गाडी जागी करणारे रिले, सगळं तिच्यावर चालतं. मोठी बॅटरी तिला मधूनमधून भरते, पण माझ्या गाडीत त्याला मर्यादा आहे. त्यात मी साताऱ्यात रोज सकाळी चहा घेताना अ‍ॅप उघडून टक्के बघायचो, आणि प्रत्येक वेळी झोपलेली गाडी जागी व्हायची. खरा राग आहे तो डॅशकॅम बसवून देणाऱ्यावर. त्याने वायर थेट या छोट्या बॅटरीला जोडली होती, मला न सांगता. चौथ्या आठवड्यात अ‍ॅपला गाडी सापडेनाशी झाली.

परतल्यावर रात्री साडेदहाला बर्फ झाडून बटण दाबलं. काहीच नाही. रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढली, हँडलवरचं झाकण नखाने उचकटलं, किल्ली अर्धी वळून अडली. कुलपात बर्फ! किल्ली मुठीत गरम करून तिसऱ्यांदा घातली तेव्हा कट्कन आवाज आला. शेजारच्या आजोबांनी बूस्टर, म्हणजे उतरलेल्या बॅटरीला बाहेरून वीज देणारं यंत्र, आणून दिला, दोन चिमटे लावले आणि मिनिटभरात स्क्रीन उजळली. हायसं वाटलं. तरी ती बॅटरी बदलावीच लागली. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरलेली असेल तर कडाक्यातही गोठत नाही, पण पार उतरलेली उणे दहाच्या आसपासही गोठू शकते. माझी एका बाजूने फुगली होती.

टायरची हवा ३६ पीएसआयवरून ३१ वर आली होती. जागा सपाट असल्यामुळे हँडब्रेक न लावता गिअर नुसता ‘पी’मध्ये, म्हणजे पार्किंगवर, ठेवला होता, म्हणून मागचे ब्रेक चिकटले नाहीत, डिस्कवरचा गंज पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये खरडून गेला. पहिल्या दिवशी एक सांभाळा: मोठी बॅटरी गारठलेली असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी गाडी नेहमीसारखी आपोआप मंदावत नाही. बर्फाळ उतारावर मी ते विसरलो आणि ऐन वेळी ब्रेक दाबावा लागला. निघण्याआधी अर्धा तास केबल लावून गरम करून घ्या.

डॅशकॅमची वायर आता गाडी चालू असेल तेव्हाच वीज घेईल अशी जोडून घेतली आहे. स्वतःचा बूस्टरही घेतलाय, पण तो घरात ठेवतो. गाडीच्या डिकीत ठेवला असता तर त्या रात्री डिकीच उघडली नसती.