रोबोटचा नेम चुकतोय, कॅलिब्रेशन करू की स्क्रिप्टने भागेल?

रोबोटच्या हाताचा ऑफलाइन (कॉम्प्युटरवर बसून लिहिलेला) प्रोग्राम स्क्रीनवर झकास चालतो आणि सेलमध्ये, म्हणजे खऱ्या रोबोटवर, टाकला की टूल दोन मिलिमीटर भलतीकडेच, असं झालं की प्रश्न पडतो, रोबोटचं कॅलिब्रेशन करायचं की पॉइंट दुरुस्त करणारी छोटी स्क्रिप्ट लिहायची. डेटाशीटवरचं ±0.05 मिमी बघून हुरळून जाऊ नका, ती रिपीटेबिलिटी आहे, म्हणजे शिकवलेल्या पॉइंटवर परत परत तिथेच येणं. नुसते आकडे देऊन पाठवलं तर नेमका तिथे जातो का, ती ॲक्युरसी, आणि ती मिलिमीटरच्या घरात चुकू शकते. सगळे पॉइंट हाताने टीच करत असाल तर यातलं बहुतेक काहीच नको.

कॅलिब्रेशन मुळावरच घाव घालतं. लेझर ट्रॅकरने (लेझरने जागा अचूक मोजणारं यंत्र) हाताच्या बऱ्याच पोझ मोजायच्या आणि त्यावरून लिंकची (दोन सांध्यांमधल्या भागाची) लांबी, जॉइंटचे झिरो (सांधा शून्य डिग्रीवर असण्याची जागा) यांचे खरे आकडे काढायचे. एका जॉइंटचा झिरो 0.1 डिग्रीने हुकला तरी 1 मीटर लांब 1.7 मिमी फरक पडतो, मग बाकी कितीही नीट असू दे. एकदा केलं की सगळ्या प्रोग्रामना फायदा, पण ट्रॅकर महाग, आणि मोटर बदलली किंवा कुठे धडक बसली की परत तपासा. शिवाय कंट्रोलर ते आकडे घेत नसेल तर प्रोग्राममधले पॉइंटच दुरुस्त करून पाठवावे लागतात, म्हणजे स्क्रिप्ट आलीच!

स्क्रिप्ट स्वस्त आणि झटपट, पायथनमध्ये एका संध्याकाळी होते. पार्ट दर वेळी फिक्स्चरमध्ये (पार्ट धरून ठेवणाऱ्या साच्यात) थोडा सरकून बसत असेल तर तीच हवी, प्रोबने कडा शोधून फ्रेम (पॉइंट जिथून मोजतात ते अक्ष) सरकवायची, तिथे कॅलिब्रेशन काय करणार? पण एरर का येतेय हे न बघता ऑफसेट ठोकू नका. मी ठोकला होता, सगळ्या पॉइंटना एक्समध्ये 1.2 मिमी, एका बाजूला मस्त बसलं आणि रिस्ट (रोबोटचं मनगट) 180 डिग्री फिरल्यावर चूक बरोब्बर दुप्पट, कारण गडबड टीसीपीत (टूलच्या टोकाची कंट्रोलरमध्ये नोंदवलेली जागा) होती आणि ती टूलबरोबर फिरते ना.

म्हणून आधी फुकटातली टेस्ट, टेबलावर एक टोकदार पिन उभी करा, टूलचं टोक तिला भिडवा आणि टीसीपीभोवती रिस्ट फिरवा. टोक हललं तर टीसीपी परत काढा, जमलं तर झिरोच्या खुणाही बघा. एवढं करून कुठे जास्त कुठे कमी असं चुकत असेल तर कॅलिब्रेशनवाल्याला बोलवा, आणि सगळीकडे सारखंच सरकलेलं असेल तर बेस फ्रेम परत घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.